मोतीबिंदू पिकण्याची नव्हे, डोळा शांत होण्याची वाट पाहावी



मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता खेड्यापाड्यांनाही नवी राहिलेली नाही. १९७६ साली आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे नेत्रशिबिरांच्या द्वारे ही सेवा गावोगावी पोहोचली. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबावे, ही जुनी समजूतही मागे पडत आहे. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत घाई हीच घातक ठरते. आज त्यांच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

डोळ्याच्या आतील रंगीत पडद्याला व त्यास जोडून असलेल्या थरांना वारंवार दाह होण्याचा एक विकार आहे. वैद्यकशास्त्रात त्यास युव्हायटिस म्हणतात. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही व नजर अंधुक होते. पुष्कळदा लोक याला ‘डोळे आले’ असे समजतात. परंतु डोळे येण्यात चिपडे धरतात, पापण्या चिकटतात. या विकारात तसे सहसा होत नाही. क्षय, कुष्ठरोग, नागीण, सांध्यांचे व मणक्यांचे काही आजार यांच्याशी त्याचा संबंध असू शकतो. कित्येकदा कारण सापडतही नाही.

अशा रुग्णाला ऐन तारुण्यातही मोतीबिंदू होतो. एक तर दीर्घकाळच्या दाहाने भिंग गढूळ होते. दुसरे म्हणजे दाह शमविणारी स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही मोतीबिंदू होतो व डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूचा धोका संभवतो. म्हणून कोणी औषध आपल्या मनाने बंद करू नये. दाह उसळल्यास होणारी हानी त्याहून मोठी असते.

मग शस्त्रक्रिया करावी की नाही? करावी, पण वेळ साधून करावी. दाहामुळे बाहुली भिंगाला चिकटलेली असते, त्यामुळे शस्त्रक्रिया अवघड होते. शस्त्रक्रियेच्या आघाताने दाह पुन्हा चेतू शकतो व दृष्टिपटलावर सूज येऊन मिळालेली नजर परत मंदावते. यासाठी डोळा सामान्यतः किमान तीन महिने पूर्णपणे शांत असावा, असा दंडक तज्ज्ञ पाळतात. आधी व नंतरही दाहशामक औषधे द्यावी लागतात. मधुमेह, डोळ्यातील दाब व दृष्टिपटल यांची तपासणी आवश्यक असते. क्वचित भिंगामुळेच दाह वाढत असेल, तर डॉक्टर लवकर निर्णय घेतात. तो अधिकार त्यांचाच.

दृष्टिपटल व नेत्रतंतू निकोप असतील, तर पुष्कळांना चांगली दृष्टी लाभते. त्यांना आधीच इजा झालेली असेल, तर भिंग बदलूनही ती भरून येत नाही. ही गोष्ट रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी समजावून सांगितली पाहिजे. नंतरची निराशा त्याने टळते.

पंचायत सदस्यांनी शिबिराची नोंदणी करताना प्रत्येकास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : डोळा वारंवार लाल होऊन दुखतो काय? डोळ्याचे औषध बरेच दिवस चालू आहे काय? उत्तर ‘होय’ असल्यास ते शिबिरातील डॉक्टरांच्या नजरेस आणावे आणि रुग्णास जुन्या कागदपत्रांसह जिल्हा रुग्णालयात वा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. शस्त्रक्रियेनंतरच्या फेऱ्या चुकणार नाहीत, हेही पाहावे.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विशेष विनंती आहे. ज्या मुलाचे सांधे दीर्घकाळ सुजलेले असतात, त्याच्या डोळ्यात दाह असूनही डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. मूल तक्रार करीत नाही आणि नजर मात्र जात राहते. अशा मुलाचे डोळे तक्रार नसतानाही नियमित तपासले जावेत, असे पालकांस सांगावे.

शिबिरात किती शस्त्रक्रिया झाल्या, ही संख्या अहवालात जाते. परंतु ज्याला आपण विचारपूर्वक तीन महिने थांबविले आणि ज्याची दृष्टी त्यामुळे वाचली, तोही आपल्याच कार्याचा लाभार्थी आहे, हे विसरू नये.