जुन्या मोटारीचा संसार



मोटार विकत घेणें ही एका दिवसाची गोष्ट आहे. ती बाळगणें हा संसार आहे. त्यांतून मोटार जुनी, विलायती, दोनच माणसांची आणि केवळ हौसेसाठीं बांधलेली असली, म्हणजे या संसारांत पडणाऱ्याची शेजारीपाजारी कींवच करतात. सामानाला जागा नाहीं, छप्पर कापडाचें, आणि बैठक इतकी ठेंगणी कीं रस्त्यांतील प्रत्येक खड्डा पाठीशीं ओळख करून घेतो. तरीहि अशा गाड्या कित्येक घरांतून दोन-दोन पिढ्या नांदल्या आहेत. त्या कशानें टिकतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ ही गाडी घेऊं. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या पेढीचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर हलकी, चपळ गाडी बसविण्याचा उद्योग आरंभिला, आणि पुढें तो ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांत वाढला. महायुद्ध संपतांच, १९४५ सालच्या अखेरीस, टी. सी. बाहेर पडली; १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. साडेबाराशें घन सेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें इंजिन, दोन कार्ब्युरेटर, तारांच्या आऱ्यांचीं एकोणीस इंची चाकें, आणि पोलादी पत्र्याच्या आंत ॲश लाकडाची चौकट, अशी तिची घडण. किंबर मात्र ती पाहावयास उरले नाहींत. १९४५ च्या फेब्रुवारींतच लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळील आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. ॲबिंग्डनचा कारखानाहि १९८० सालीं बंद पडला. आज एम. जी. या नांवाच्या ज्या नव्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसतात, त्यांचें या गाडीशीं नातें नांवापुरतेंच. अर्थात् टी. सी. ज्यानें घरांत ठेवली, त्यानें मायबाप हरपलेलें लेंकरूं सांभाळावयास घेतलें, असेंच म्हणावें लागेल.

विलायतेंत अशी गाडी बाळगणें ही हौस होती. आपल्याकडे ती बऱ्याच अंशीं गरज झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले. येथेंच सुटे भाग बनविण्याची तयारी असेल त्याच कारखान्यांनीं राहावें, असें धोरण १९५३ सालीं ठरलें. त्यानंतर वर्षभरांतच मुंबईला शिवडी येथें १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना बंद झाला. नवी विलायती गाडी येण्याचीं दारें पुढें सुमारें चार दशकें जवळजवळ मिटलेलींच राहिलीं. ज्याच्याजवळ जुनी होती, त्याला तीच दुरुस्त करीत राहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. या अडचणींतूनच आपल्या मिस्त्रींचें कसब वाढलें. १९६१ सालापासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनें ‘हेराल्ड’ गाडी येथें काढली. तिच्याच विलायती बहिणीचा सांगाडा आंखूड करून ट्रायम्फ कंपनीनें १९६२ सालीं ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्‌स गाडी तयार केली होती. हें नातें ज्या मिस्त्रीला ठाऊक होतें, तो मोडीत निघालेल्या हेराल्डचे भाग काढून स्पिटफायरला नवें आयुष्य देऊं शकत असे. पैशानें जें मिळत नव्हतें, तें माहितीनें मिळत होतें.

पण भाग मिळाला तरी तो बसविणारा हात हवा. हा हात कोणत्या जातीचा असावा, हें पाहण्यासाठीं क्षणभर शहर सोडून मराठवाड्यांत जाऊं. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत युसूफ वडगांव म्हणून गांव आहे. टी. सी. जन्मास आली तेव्हां हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. काळी माती, कोरडी हवा आणि उन्हाळ्यांत चाळीस अंशांवर जाणारा पारा. समजा, कोणी हौशी गृहस्थानें आपली टी. सी. मुंबईहून या गांवीं नेऊन ठेवली. एका उन्हाळ्यांतच लाकडी चौकट आक्रसूं लागेल, सांधे सैल होतील आणि दारें लोंबूं लागतील. ज्या कारागिराला संगणकाच्या पडद्यावर दोष वाचण्याची संवय आहे, तो येथें हात टेकील. कारण या गाडीला पडदाच नाहीं. परंतु ज्या सुतारानें बैलगाडीचें चाक घडविलें आहे, त्याला हा रोग जुनाच ओळखीचा. उन्हाळ्यांत चाकाचें लाकूड सुकतें, लोखंडी धांव ढिली होते, मग तें चाक ओढ्यांत भिजत ठेवावें लागतें, हें त्यानें लहानपणापासून पाहिलेलें असतें. मोटारीची चौकट भिजवून चालणार नाहीं, तिचे सांधे उकलून पुन्हां जोडावे लागतील; पण लाकूड कोठें आणि कां हटलें, हें त्याला सांगावें लागणार नाहीं. तारांचे आरे सारख्या ताणावर ओढण्याचें काम चांगला सायकलवाला उमजून करील. आणि वंगणाचें महत्त्व तर गाडीवानाला कोणीं शिकवावें? आंसाला वंगण न घालतां बाजाराला निघालेली गाडी अर्ध्या वाटेंत रडूं लागते, हा त्याचा नित्याचा अनुभव. खेद एवढाच कीं, ट्रॅक्टर आणि रबरी टायर आल्यापासून हे कारागीरहि विरळ झाले. लाकडी चाक आणि टी. सी. या दोहोंना जगविणारी विद्या एकच, आणि ती दोन्हीकडे एकदमच आटत चालली आहे.

या विद्येंत कांहीं कानगोष्टीहि असतात. टी. सी. च्या इंजिनाचे नट उघडूं जाल तर त्यांना इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा पाना बसतो. पण नट काढून पाहावा तों आंतील आटे मेट्रिक मापाचे. कारण असें कीं, विल्यम मॉरिस यांनीं १९२३ सालीं कॉव्हेन्ट्रींतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रें मेट्रिक आट्यांचीं होतीं. तीं न बदलतां इंग्रज मिस्त्रीचा पाना चालावा, म्हणून नटांचीं डोकीं तेवढीं इंग्रजी ठेवण्यांत आलीं. हें ज्याला माहीत नाहीं, तो बाजारांतून आणलेला साधा इंग्रजी नट जोर करून फिरवितो आणि शंभर रुपयांच्या कामांत इंजिनाचे आटे खाऊन बसतो. म्हणून अशा गाडीच्या मालकानें एक वही ठेवावी. कोणत्या तारखेस तेल बदललें, कोणता नट कोणत्या मापाचा, ब्रेकचें तेल केव्हां भरलें, (तें हवेंतील ओलावा शोषितें, यास्तव दर दोन वर्षांनीं बदलावें), हें सर्व तींत लिहावें. गाडीच्या कागदपत्रांइतकीच ही वही मोलाची आहे.

आतां एका नव्या अडचणीकडे वळूं. ही गाडी शिशाच्या पेट्रोलाच्या काळांतली. तें पेट्रोल आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें. तेव्हां व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या करून घेणें इष्ट. त्याहून अवघड गोष्ट पुढची. २०२५ सालापर्यंत पेट्रोलांत शेंकडा वीस भाग इथेनॉल मिसळण्यांत येऊं लागलें, आणि त्यांतील कांहीं भाग उंसापासूनचा. बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास घरें सोडून पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊंस तोडावयास जातात. त्यांच्या कोयत्याखालचा ऊंस असा फिरत फिरत मोटारीच्या टाकींत येऊन पडतो. देशाच्या दृष्टीनें, तेलाच्या आयातीचा विचार करतां, यांत लाभ आहे. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना आणि पडद्यांना इथेनॉल मानवत नाहीं. त्या फुगतात, चिरतात, आणि गळलेल्या पेट्रोलाला आग लागण्याचें भय असतें. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतें. उपाय आहेत: नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या, कार्ब्युरेटरची सुई नव्या मिश्रणाला जुळवून घ्यावी, आणि टाकींत महिनोन्‌महिने पेट्रोल सांचूं देऊं नये.

या शेवटच्या सूचनेंतच सगळें मर्म आहे. सांचलेलें पेट्रोल, सांचलेलें तेल, उभीं राहून चपटीं झालेलीं टायरें, यांनीं जितक्या जुन्या गाड्या मारल्या, तितक्या रस्त्यांनीं मारल्या नाहींत. १९२१ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपांत राहिलेल्या गाड्यांसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, पुढच्या नोंदणीस पांच हजार. अशी नोंदलेली गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठीं वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, पेट्रोल भरणें आणि देखभाल एवढ्यांसाठींच ती बाहेर काढावी, असा नियम आहे. नियम वाजवी आहे. पण त्याचा आधार घेऊन गाडी कापडाखालीं झांकून ठेवणारा मालक तिचा रक्षक नव्हे. देखभालीची जी सवड नियमानें दिली आहे, ती पुरेपूर घ्यावी. गाडी नियमानें चालवून इंजिन पुरतें तापूं द्यावें, ब्रेक दाबून पाहावे, नवा आवाज कानीं आला तर त्याचें मूळ शोधावें.

आणि घरांतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारीं बसवावें. वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेली वस्तु कोणाहि एकाची नसते. पूर्वीच्या मालकानें ती आपल्या हवालीं केलेली असते आणि आपल्याला ती पुढें द्यावयाची असते. नुसती किल्ली दिली तर पुढचा धनी ती भंगारांत काढील, कारण तिचा स्वभाव त्याला ठाऊक नसेल. किल्लीबरोबर वही द्यावी, मिस्त्रीची ओळख द्यावी, आणि वंगणानें हात काळे करण्याची लाज वाटूं नये एवढें वळण द्यावें. हें तिन्ही ज्या घरानें दिलें, त्या घरची गाडी चालत राहील.