थोडे नमुने आणि निवाड्यांतील चूक

रोग्याच्या रक्ताचीं कांहीं मापें घ्यावयाचीं आणि त्यांवरून त्यास अमुक रोग आहे कीं नाहीं, हें सांगणारा नियम बांधावयाचा, ही वैद्यकांतील नित्याची गोष्ट आहे. अशा वर्गीकरणाची एक प्रसिद्ध गणिती रीति रोनाल्ड फिशर यांनीं १९३६ सालीं मांडली. आयरिसच्या तीन जातींचीं प्रत्येकीं ५० फुलें आणि प्रत्येक फुलाचीं चार मापें, एवढी त्यांची सामग्री होती.

परंतु नियम बांधला म्हणजे काम संपलें असें नव्हे. नव्या रोग्याच्या बाबतींत तो कितीदां चुकेल, हा खरा प्रश्न. ज्या नमुन्यांवरून नियम बांधला त्यांच्याच साहाय्यानें चुका मोजल्या, तर उत्तर बहुधा फाजील गोड येतें. गुरुजींनीं फळ्यावर सोडविलेलींच उदाहरणें परीक्षेंत घालून विद्यार्थ्यास पैकीच्या पैकीं गुण द्यावे, तसाच हा प्रकार होय.

नमुने विपुल असले, तर त्यांपैकीं कांहीं परीक्षेसाठीं वेगळे राखून ठेवतां येतात. पण रोगीच अवघे ३० असले तर? राखून ठेवावे, तर नियम कच्चा राहतो. न ठेवावे, तर परीक्षा खोटी ठरते. या पेंचावर लाकेनब्रुक आणि मिकी यांनीं १९६८ सालीं सुचविलेला उपाय साधा आहे. एका रोग्यास बाजूस ठेवावें, उरलेल्या २९ जणांवरून नियम बांधावा आणि त्या एकाचा निवाडा करावा. असें आळीपाळीनें ३० वेळां करून चुका मोजाव्या. प्रत्येक रोगी परीक्षेस बसतो, पण स्वतःच्या परीक्षेचा नियम घडविण्यांत त्याचा हात नसतो.

या रीतीनें आत्मस्तुति बहुतेक नाहींशी होते. अनिश्चितता मात्र उरते. समजा, पूर्वीं न पाहिलेल्या २० रोग्यांत नियम एकदांहि चुकला नाहीं. तरी १०० पैकीं १४ वेळां चुकणारा नियमहि अशा २० जणांच्या परीक्षेंतून निर्दोष सुटण्याचा संभव शेंकडा सुमारें ५ असतो. म्हणून ‘चूक शून्य’ एवढेंच सांगणें अपुरें आहे. ‘२० पैकीं शून्य’ असें सांगावें. त्या नियमावर ज्या रोग्याचे उपचार ठरावयाचे, त्याच्या दृष्टीनें या दोन वाक्यांतील अंतर लहान नाहीं.