परवानगीचं टेबल आणि पाड्यावरचा ठराव

(साक्री तालुक्यात झालेल्या कार्यकर्ता शिबिरातलं हे भाषण आहे. बोलणारे परवानगीच्या शाखेत नोकरी करून निवृत्त झालेले कारकून आहेत. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि कचेरी छापलेली नाही. टेपवरून उतरवताना बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे. पाड्यावर वाचून दाखवताना सावकाश वाचावं.)



आम्हाला बोलावणं आलं तेव्हा आधी आम्ही नाहीच म्हणत होतो. सारी नोकरी आम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसून काढली. तुम्ही उभे आणि आम्ही बसलेले. तुम्ही 'भाऊसाहेब' म्हणायचे, आम्ही मान वर न करता 'पुढच्या आठवड्यात या' म्हणायचो. पण इथले कार्यकर्ते म्हणाले, टेबलावर काय चालतं ते आमच्या लोकांना कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा. म्हणून आलो. आम्ही म्हणजे एकटा मी नाही, त्या शाखेत बसणारी सगळी माणसं. चूक सगळ्यांची आहे, म्हणून 'आम्ही'च म्हणतो.

इथून डोंगरावर बघा. छडवेल, ब्राह्मणवेल, जामदे, सगळीकडे पंखे फिरताहेत. तुम्ही विचारता, ह्या पवनचक्कीला परवानगी दिली कोणी? पुष्कळांना वाटतं की मुंबईला वीज नियामक आयोग आहे, त्यानं दिली असेल. तसं नाही. २००३ च्या वीज कायद्यात वीज तयार करायला परवानाच लागत नाही. आयोग काय करतो? कंपनीची वीज कोणत्या भावानं घ्यायची ते ठरवतो. त्याची सुनावणी होते ती भावाची, तुमच्या जमिनीची नाही.

बरं, खाण काढायची, औष्णिक केंद्र उभारायचं, तर पर्यावरणाची जनसुनावणी लागते. त्यासाठी २००६ ची अधिसूचना आहे. पवनचक्की तिच्या यादीत नाही. म्हणजे ती सुनावणीही नाही.

मग उरलं काय? जमीन. वीज करायला परवाना नको, पण पंखा उभा करायला जागा पाहिजे. जागा जंगलाची असेल तर १९८० च्या वन संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारची मंजुरी लागते. जागा आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं. त्या कलमाखाली कलेक्टरच्या मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. विक्रीला आणि पाच वर्षांवरच्या पट्ट्याला तर त्याच्याही वर राज्य सरकारची मान्यता लागते. म्हणून कोणी शंभराच्या स्टँपवर अंगठा घ्यायला आला तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की कलेक्टरचा हुकूम कुठं आहे.

आज मी जंगलाच्या जमिनीचं सांगतो, कारण आमचं टेबल तेच होतं.

फाईल कशी चालते? कंपनी अर्ज भरते. मग धुळ्याला उपवनसंरक्षक आपला भाग भरतात. त्यांच्यावर वनसंरक्षक. मग फाईल नागपूरला वन विभागाच्या मुख्य कचेरीत, तिथून मुंबईला मंत्रालयात. आमच्या वेळी ४० हेक्टरांपर्यंतचं प्रकरण भोपाळच्या केंद्राच्या कचेरीत जायचं, त्याहून मोठं असलं की दिल्लीला. आधी तत्त्वतः मंजुरी मिळते, तिच्या अटी पुऱ्या केल्या की अंतिम. साक्रीच्या डोंगराची फाईल धुळे, नागपूर, मुंबई, भोपाळ, दिल्ली फिरून यायची. ज्या पाड्याचा डोंगर, त्या पाड्यावर मात्र ती यायची नाही.

आमचं काम काय? आमच्यापुढं एक यादी असायची. नकाशा जोडला का? झाडांची मोजणी आहे का? पर्यायी वनीकरणाची जागा दाखवली का? कागद असला की बरोबरची खूण करायची, नसला की 'त्रुटी' लिहून फाईल परत. कागद खरा की खोटा, हे त्या यादीत विचारलेलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

वनहक्क कायदा आला २००६ चा, लागू झाला ३१ डिसेंबर २००७ पासून. मग ३ ऑगस्ट २००९ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं परिपत्रक निघालं. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी तिथल्या वनहक्कांचं काम पुरं झालं पाहिजे. प्रकल्पाची माहिती ग्रामसभेपुढं लोकांच्या भाषेत मांडली पाहिजे. ग्रामसभेत निम्मी तरी माणसं हजर पाहिजेत, आणि तिचा होकार किंवा नकार लेखी पाहिजे. आमच्या यादीत एक ओळ वाढली: 'ग्रामसभेचा ठराव'.

ठराव यायला लागले. एका फाईलमध्ये तीन गावांचे तीन ठराव होते. आम्ही वाचले. तिन्हींत शब्द न् शब्द एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. 'सदर प्रकल्पास ग्रामसभेची कोणतीही हरकत नाही.' खाली सह्या होत्या, अंगठे होते, सगळे एकाच शाईचे. आमच्यातला एक जण म्हणाला, तीन गावं एकच वाक्य बोलतात, नवल आहे. आम्ही हसलो. आणि बरोबरची खूण केली.

त्याच फाईलमध्ये एक दाखला होता: 'सदर क्षेत्रावर कोणाचेही वनहक्क दावे प्रलंबित नाहीत.'

आता ऐका. त्याच महिन्यात एक म्हातारे बाबा आले. आदिवासी बाबा, पायात टायरची चप्पल, बगलेत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या होत्या. कितीतरी वर्षांच्या, घडीवर फाटलेल्या. बाबा म्हणाले, "भाऊसाहेब, नाकेदार दरसाल दंड घेई, मी पावती मांगी. ह्या पहा. माझी नागली हाय तिथं, आन् आता मशीन येऊन रस्ता खोदतंय." आम्ही त्यांना काय म्हणालो? "बाबा, दाव्याचं टेबल वेगळं. आमचा विषय नाही."

दाव्यांची खोली आमच्या खोलीच्या पलीकडं होती. मध्ये एक भिंत. त्या खोलीत बाबांचा दावा पडून होता, आणि आमच्या खोलीत 'दावे नाहीत' असा दाखला होता. बाबांच्या पावत्या म्हणजे सरकारनंच दिलेला पुरावा, की हा माणूस इथं शेती करत होता. वनहक्काच्या नियमांत दंडाची पावती पुरावा म्हणून चालते. आम्हाला ते ठाऊक होतं. उठून चार पावलं जायचं होतं. आम्ही उठलो नाही.

आज तिथं रस्ता आहे. बाबा परत आले नाहीत. रिटायर झाल्यावर रात्री झोप येत नाही तेव्हा ती पिशवी आठवते. इथं यायचं खरं कारण तेच आहे. माफी मागायला आलो नाही, माफी बाबांकडं मागायची होती. त्या टेबलावर काय चालतं ते तुमच्या हातात द्यायला आलो.

यादीतले बाकीचे सगळे कागद कचेरीत तयार होतात. नकाशा, मोजणी, दाखला, पैशाचं चलन, सगळं शहरात. एकच कागद असा आहे की जो कायद्यानं फक्त तुमच्या गावात, तुमच्या माणसांत तयार होऊ शकतो. तो ग्रामसभेचा ठराव. तो नसला किंवा त्यात नकार असला, तर आमच्या वेळी टेबलावरच्या माणसाला खूण करता येत नव्हती.

हे खोटं वाटत असेल तर ओडिशाचं बघा. नियमगिरीचा डोंगर, रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांत. तिथले डोंगरिया कोंध त्या डोंगराला देव मानतात. इथं आपले लोक डोंगऱ्यादेव बसवतात, त्यांना हे सांगायला नको. तिथं बॉक्साईटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये १२ ग्रामसभा झाल्या, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या मंत्रालयानं खाणीला मंजुरी नाकारली. एवढी मोठी कंपनी, एवढं सरकार, आणि अडलं कशावर? पाड्यावरच्या ठरावावर.

आता पैशाचं. जंगलाची जमीन घेताना कंपनी पैसे भरते. त्याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. २०१४ मध्ये ते जंगल कसं आहे त्यावर हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत होतं. लोकांना सांगतात, 'कंपनीनं एवढे पैसे भरले.' खरं आहे, पण ते सरकारच्या वनीकरण निधीत जातात. ज्याची नागली गेली, ज्याची गुरं चरायची बंद झाली, त्याच्या हातात त्यातून काही पडत नाही. वर पर्यायी वनीकरण असतं. झाडं कुठं लावणार, तर काही वेळा कागदावर 'विरळ जंगल' लिहिलेल्या जागेवर. ती जागा कधी कधी दुसऱ्या आदिवासीचं कसतं शेत असतं. म्हणून चोपडा, यावल, रावेरच्या भावांनी असं समजू नये की आपल्याकडं पंखे नाहीत तर आपल्याला काय. पंखा एका तालुक्यात आणि त्याचे खड्डे दुसऱ्या तालुक्यात, असं होऊ शकतं.

टेबलावरून जे दिसलं त्यावरून सहा गोष्टी सांगतो. लिहून घ्या.

१. दावा पडून असेल तर तो 'प्रलंबित' असल्याची लेखी पोच घ्या. कायद्याच्या कलम ४ (५) प्रमाणे दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येत नाही. पोच नसली की फाईलमध्ये 'दावे नाहीत' लिहिणं सोपं जातं. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत वर अपील करा.

२. एकट्याच्या प्लॉटवर थांबू नका. पंखे चढतात ते चराईच्या डोंगरावर. चराई, मोह, डिंक, पाणी, देवाची जागा, सगळ्यांचा सामूहिक दावा ग्रामसभेनं टाकावा. डोंगर कोणाच्याच नावावर नाही असं दिसलं की टेबलावर तो मोकळा धरतात.

३. ग्रुप ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे तुमच्या पाड्याचा ठराव नाही. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची स्वतःची ग्रामसभा बसू शकते. वनहक्काच्या २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेतली निम्मी माणसं हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. ही मोजणी ठरावातच लिहा.

४. ठराव आपल्या शब्दांत लिहा. टाईप करून आणलेल्या कागदावर सही करू नका. आधी मोठ्यानं वाचून घ्या, पावरी, भिलोरी, कोकणी, जी आपली बोली असेल तिच्यात सांगून घ्या. कोऱ्या हजेरीवर अंगठा देऊ नका. आमच्या फाईलमधले अंगठे कुठून आले असतील ते आम्हाला आज कळतं: रेशनच्या, नाहीतर रोजगार हमीच्या कामाच्या नावानं घेतलेले.

५. तुकडे बघा. ५ फेब्रुवारी २०१३ ला मंत्रालयाचं पत्र निघालं. रस्ता, कालवा, पाईप, विजेच्या तारा अशा लांब रेषेच्या कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. पंखा त्यात बसत नाही, पण त्याचा रस्ता आणि तारा बसवता येतात. तेव्हा रस्ता खोदायला लागले की थांबवून विचारा, हा रस्ता कशाचा? आणि ध्यानात ठेवा, पत्रानं कायदा बदलत नाही. ४ (५) जागेवरच आहे.

६. ठरावाची एक प्रत गावात ठेवा, एक प्रत पोच घेऊन कलेक्टरला द्या. मग माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून त्या फाईलमधल्या ठरावाची नक्कल मागा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला पैसेही लागत नाहीत. तुमचा ठराव आणि फाईलमधला ठराव शेजारी ठेवून वाचा. जमत नसेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला लावा.

एक शेवटचं. वीज नको असं कोणी म्हणत नाही. पंख्याखालच्या पाड्यावर रात्री कंदील असतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. वाऱ्याची वीज कोळशापेक्षा बरी, हेही खरं. पण वारा फुकटचा म्हणून डोंगरही फुकटचा होत नाही. विचारून घ्या, एवढंच तुमचं म्हणणं आहे, आणि कायद्याचंही तेच आहे.

तुम्ही कचेरीत याल तेव्हा तिथं आमच्याच जागेवर दुसरा कोणी बसलेला असेल. तो वाईट माणूस असेलच असं नाही. त्याच्यापुढं यादी असेल, आणि तो मान वर करणार नाही. तेव्हा एकटे जाऊ नका. दहा जणं जा, बाया पुढं ठेवा, ठराव हातात ठेवा. तो म्हणेल, 'दाव्याचं टेबल वेगळं.' तुम्ही म्हणा, 'भाऊसाहेब, उठा, चार पावलं आमच्यासोबत चला, ती खोली आम्ही दाखवतो.'

जोहार. जंगल-जमीन आमच्या हक्काची! ग्रामसभा जिंदाबाद!