निशाणी नसलेला महजर

(भाट्ये येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



काजळी नदी जेथे खाडी होऊन समुद्राला मिळते, पैलतीरी राजिवड्याच्या होड्या आणि ऐलतीरी सुरूचे बन व नारळाच्या बागा असा ज्या भूमीचा विस्तार आहे, आणि नारळ या एका वृक्षाच्या अध्ययनासाठी १९५५ सालापासून जेथे संशोधन केंद्र चालत आले आहे, त्या भाट्ये गावी लोकांच्या म्हणींविषयी बोलण्याची आज्ञा व्यवस्थापक मंडळींनी मला केली, तेव्हा हा विषय कोशाच्या पानांतून न उचलता येथील माडांखालून उचलावा, असे मी ठरविले.

म्हणींना आपण भाषेचे अलंकार समजतो; निबंधात एखादी पेरावी, परीक्षेत तिचा अर्थ लिहावा, एवढाच तिचा उपयोग आता उरला आहे. माझे मत निराळे आहे. पूर्वी आपल्या मुलखात वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे जाणते लोक यांच्या जबान्या होत, आणि झालेला निवाडा महजर म्हणून लिहून त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या उमटत. कुणब्याची निशाणी नांगर असे. म्हण हाही अशाच बहुतांच्या संमतीने झालेला निवाडा आहे. फरक इतकाच की, तिच्यावर कोणाची निशाणी नाही, तारीख नाही, आणि मूळ प्रकरण काय होते याचा कागद कोणत्याही दप्तरात नाही. ते प्रकरण शोधून काढल्यावाचून म्हण समजली असे म्हणता येत नाही.

‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण घ्या. हट्टी माणसाला वैभव गेल्यावरही ताठा सोडवत नाही, हा तिचा अर्थ मुले पाठ करतात. परंतु सुंभ म्हणजे काथ्याची दोरी, आणि तो काथ्या मिळविण्यासाठी नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालावी लागत, मग ती बडवून त्यांतले धागे मोकळे करावे लागत आणि अखेरीस ते धागे तळहातांवर वळून एकमेकांत पिळावे लागत, हे त्यांतल्या किती मुलांनी पाहिले असेल? असा सुंभ चुलीत पडला म्हणजे जळून पूर्ण राख होतो, पण हात लागेपर्यंत ती राख त्याच वळशांत, त्याच पिळाने जागच्या जागी पडून असते. हे ज्याने प्रथम निरखले त्याने स्वतः दोरी वळलेली असली पाहिजे, आणि कोणा उतरलेल्या घराण्यातील माणसाचा ताठाही जवळून पाहिलेला असला पाहिजे. आज दोरी नायलॉनची आहे. ती जाळली तर वितळून तिचा गोळा होतो, पीळ कोठेच राहत नाही. म्हण जिभेवर आहे आणि तिची साक्ष देणारी वस्तू घरातून गेली आहे, अशी ही अवस्था होय.

सगळ्याच म्हणी या मातीतल्या आहेत असेही नाही. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही खास भात खाणाऱ्यांची. ‘उंटावरचा शहाणा’ मात्र घाट उतरून आला, कारण या लाल चढउतारांवर उंटाचे काय काम? याहून विचार करण्याजोगे उदाहरण नक्षत्रांच्या म्हणींचे आहे. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असे आपण ऐकतो. देशावर हे अक्षरशः खरे आहे. तेथे शाळू नुकताच उगवून आलेला असतो आणि ऑक्टोबरच्या अखेरची एक सर त्याच्या कणसापर्यंत पुरते. तीच सर आपल्या खाचरात कापून आडव्या घातलेल्या भातावर कोसळली तर दाण्याला मोड येतात, पेंढा काळा पडतो आणि वर्षाची मेहनत मातीत मिसळते. ज्या वाक्यात घाटावरच्या शेतकऱ्याचा हर्ष आहे, तेच वाक्य घाटाखाली संकटाची वर्दी ठरते. म्हणीला मुलूख असतो, आणि तो तपासल्यावाचून तिला सार्वत्रिक सत्याची सनद देणे हा अन्याय आहे.

आणखी एका गोष्टीकडे मला आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे. गोतसभेत स्त्रीची जबानी क्वचितच झाली; वतनाच्या वादात एखादी विधवा उभी राहिली तर राहिली. मग माजघरातल्या कैफियती गेल्या कोठे? त्या म्हणींत गेल्या. ‘नावडतीचे मीठ अळणी’ या तीन शब्दांत एका सबंध संसाराचे प्रकरण आहे. मीठ हा असा जिन्नस की त्याच्या खारटपणाविषयी दोन मते होऊच शकत नाहीत. तेही जिच्या हातचे अळणी ठरते तिने न्याय मागावा कोणाकडे? ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणीत तर सोसणारीने काळाकडे लावलेला दावा आहे, आणि त्याचा निकाल आज लागणार नाही हेही तिला ठाऊक आहे. याच साठ्यात स्त्रियांना हिणविणाऱ्या, जातीजातींना टोचणाऱ्या म्हणीही पुष्कळ आहेत. त्या झाकून ठेवू नयेत आणि शहाणपण म्हणून मिरवूही नयेत. कोणी कोणावर काय लादले याचा तो लेखी नसलेला पुरावा आहे, म्हणून त्याही टिपून ठेवाव्यात.

संग्रहाचे काम आपल्याकडे झाले नाही असे नाही. आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ १८९९ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश सिद्ध करून मराठी भाषेवर मोठे उपकार करून ठेवले. तथापि कोश म्हण देतो, अर्थ देतो; ती कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी ऐकविली हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नसते.

ते काम कसे होते याचा धडा आयर्लंडने घालून दिला आहे. तोही समुद्राच्या वाऱ्यात उभा असलेला, इंग्रजांच्या अंमलाखाली भरडलेला मुलूख. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात तेथील सुमारे दहा लक्ष माणसे मेली. भूक हेच उत्तम तोंडीलावणे, असे तेथे म्हणतात. आपण ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ म्हणून त्यात दमलेल्या माणसाची झोपही जोडून दिली. माणसे एकमेकांच्या आडोशाने जगतात, अशीही एक म्हण तिकडे आहे. पावसाळ्यापूर्वी पडवीला झावळ्यांची झापे बांधणाऱ्या आपल्या लोकांना ती समजावून सांगावी लागणार नाही. या राष्ट्राने स्वातंत्र्यानंतर १९३५ साली लोकविद्येचा आयोग स्थापिला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांकरवी घरातील व शेजारच्या वृद्धांच्या गोष्टी, उपचार, हवामानाचे आडाखे आणि म्हणी वह्यांतून उतरवून घेतल्या. या कामासाठी मुलांना आठवड्याचा निबंध माफ केला होता. त्या वह्या आज त्या राष्ट्राच्या अमोल संपत्तीत मोजल्या जातात.

भाट्ये, राजिवडा आणि खाडीकाठच्या इतर गावांतील शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्यांनी वरच्या इयत्तांतील प्रत्येक मुलाच्या हाती एकेक कोरी वही द्यावी. एका पानावर एकच म्हण असावी, आणि तिच्याखाली सांगणाराचे नाव, वय, धंदा, ती म्हण त्याने कोणाकडून ऐकली आणि कोणत्या प्रसंगी ऐकली, एवढे त्याच्याच बोलीत, शुद्धलेखनाचा बडगा न उगारता लिहावे. खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा. सुंभ वळलेले हात आणि होडीवर आयुष्य काढलेली माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम हाती घ्यावे आणि पहिल्या वह्या येत्या मृगापूर्वी भरून शाळेच्या कपाटात ठेवाव्यात.