मुक्या जिवाची तपासणी



जीवदया हा जैन समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे. तथापि आजारी पशूला केवळ चारा-पाणी देऊन दया पूर्ण होत नाही. मुका जीव आपली व्यथा शरीरानेच सांगतो. ती जाणून घेण्याच्या शास्त्राला शारीरिक तपासणी म्हणतात.

जाणता पशुवैद्य जनावराला एकदम हात लावीत नाही. प्रथम तो मालकाला विचारतो: चारा केव्हा सोडला, शेण कसे आहे, दूध किती घटले, लस दिली होती काय? नंतर दुरूनच निरीक्षण करतो. गाय कळपापासून अलग उभी आहे काय, कान गळाले आहेत काय, रवंथ चालू आहे काय? कापडाचा पारखी आधी तागा उजेडात धरतो आणि मग पोत चाचपतो, तसाच हा क्रम आहे. जवळ गेल्यावर जनावर बिथरते, श्वास वाढतो आणि खरी अवस्था झाकली जाते.

यानंतर थर्मामीटर. गुदद्वारातून घेतलेले प्रौढ गायीचे तापमान सामान्यतः १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूस नाडी लागते. तिचे ठोके मिनिटाला साधारण ५० ते ८० असतात. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली असता दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोटाची हालचाल जाणवली पाहिजे. पापणीच्या आतील भाग गुलाबी असावा. फिकटपणा रक्तक्षय सुचवितो, पिवळेपणा कावीळ. शेवटी कास, सड, खूर आणि त्वचा पाहिली जाते.

या साध्या गोष्टींचे मोल २०२२ साली सर्वांना कळले. त्या वर्षीच्या लम्पी साथीची राज्यातील पहिली नोंद ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील चिनावल येथे झाली. पाहता पाहता बुलडाणा जिल्ह्यातही गोधनाची मोठी हानी झाली. या रोगात अंगावर गाठी उठण्यापूर्वीच ताप चढतो. तो १०५ अंशांच्याही वर जाऊ शकतो. खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात. अनेकदा ताप आल्यापासून साधारण ४८ तासांत गाठी दिसू लागतात. म्हणजे डोळ्यांना रोग दिसण्याआधी थर्मामीटरला आणि बोटांना तो कळतो. त्या वेळी जनावर अलग बांधले, गोठ्यातील माश्या-गोचीड आवरले आणि पशुवैद्यास बोलाविले, तर शेजारच्या दावणीचे जीव वाचण्याची आशा असते.

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे. त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी धन्याचा हात बैलाच्या मानेवरून फिरतो आणि जुवाने आलेली सूज त्याला कळते. पोळा बहुधा श्वेतांबर पर्युषणाच्या दिवसांतच येतो. तोच हात रोज फिरावा, एवढीच अपेक्षा आहे.

निदान आणि औषध हे पशुवैद्याचे काम; अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेसारख्या संस्था जाणकार घडवितात. पण पहिली शंका गोठ्यातच यावी लागते. प्रत्येक गोशाळेत एक थर्मामीटर आणि एक नोंदवही असावी. तारीख, ताप, चारा, शेण आणि रवंथ यांची नोंद तीत व्हावी. व्यापारी रोजची विक्री लिहिल्याशिवाय दुकान बंद करीत नाही. जिवांचा हिशेब त्याहून हलका कसा मानावा?

चाऱ्यासाठी दिलेले दान जनावराला जगविते. वेळेवर केलेली तपासणी त्याला वाचविते. दोन्ही मिळूनच जीवदया पूर्ण होते.

जय जिनेंद्र.