पिकअप घेण्याआधी वळण मोजा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे तो कापूस ज्या गाडीतून जिनिंगला जातो त्या गाडीवर. गावोगाव पिकअप घेण्याचा विचार चालू आहे. आपले भाडे वाचेल, जमले तर दुसऱ्याचे मिळेल, हा हिशेब चुकीचा नाही. पण गाडी पाहायला गेलेला शेतकरी दोनच गोष्टी विचारतो. हौदा किती फुटी आणि हप्ता किती? तिसरी गोष्ट तो विचारत नाही आणि तीच पुढे रोज आडवी येते. ती म्हणजे व्हीलबेस. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. दोन चाके, एक आस. बैल वळले की एक चाक जवळजवळ जागीच राहते आणि दुसरे त्याच्याभोवती फिरते. आपले पांदण रस्ते, गावातले बोळ, वावरात शिरायच्या वाटा, सगळे त्या बैलगाडीच्या मापाने पडलेले आहे. पिकअपची मागची चाके मात्र वळत नाहीत. पुढची जातील तिकडे ती मागून जातात. दोघांमधले अंतर जितके जास्त, तितके गाडीचे रिंगण मोठे.

हिशेब अवघड नाही. स्टेअरिंग पूर्ण फिरवले की बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक साधारण ३० अंशांत वळते. तेवढ्या कोनात रिंगणाची त्रिज्या व्हीलबेसच्या दुप्पट येते, म्हणजे रिंगणाची आरपार रुंदी चौपट. २००५ साली निघालेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, घ्या. त्याचा व्हीलबेस २१०० मिलिमीटर, म्हणजे सात फुटांना इंचभर कमी. दुप्पट केले तर ४.२ मीटर, कंपनी सांगते ४.३. गाडी परत फिरवायला २८ फूट लागले. आता दहा फूट व्हीलबेसची गाडी घ्या. तिला ४० फूट लागतील. व्हीलबेस एक फूट वाढला की रिंगण चार फुटांनी वाढते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गाडीचे नाक चाकाच्या पुढे असते, त्यासाठी बाहेरून आणखी दोन-एक फूट सोडा.

वळणावर दुसरी अडचण आतल्या बाजूला. मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतून कापत जाते. पूर्ण वळणात हा फरक व्हीलबेसच्या पाव भागाहून थोडा जास्त. सात फुटांच्या गाडीत दोन फुटांच्या आसपास, दहा फुटांच्या गाडीत पावणेतीन फूट. पुढचे चाक निघून गेले म्हणून ड्रायव्हर निर्धास्त असतो, आणि मागचे चाक कोणाच्या तरी ओट्याचा कोपरा नाही तर शेजाऱ्याच्या उभ्या ज्वारीची ओळ घेऊन जाते. बांधावरून भावाभावांत आधीच भांडणे कमी नाहीत. त्यात ही भर कशाला?

आता कोणी म्हणेल, लांब गाडी म्हणजे लांब हौदा, तेवढे तर मिळाले! तेही खरेच असे नाही. छोटा हत्ती एकूण साडेबारा फूट, त्यात हौदा सव्वासात फुटी, कारण इंजिन सीटखाली आहे आणि ड्रायव्हर पुढच्या चाकांजवळ बसतो. २०२२ मध्ये भारतात आलेल्या टोयोटा हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिलिमीटर, लांबी साडेसतरा फूट, पण हौदा छोट्या हत्तीपेक्षाही आखूड. लांबी गेली बॉनेटमध्ये आणि दोन ओळींच्या केबिनमध्ये. माणसे न्यायला ती चांगली. कापूस न्यायचा तर व्हीलबेसचे फूट कुठे खर्च झाले ते आधी पाहा.

आखूड व्हीलबेसवर लांब हौदा बसवून घ्यायचा, ही गॅरेजवाल्याची युक्तीही ऐकू नका. गाडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून उचलते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. इथेही तेच होते. मागच्या आसेच्या मागे तीन फुटांवर ३०० किलो ठेवले तर सात फुटांच्या गाडीत पुढच्या चाकांवरचे सुमारे १३० किलो वजन उचलले जाते, दहा फुटांच्या गाडीत ९० किलो. पुढची चाके हलकी झाली की स्टेअरिंग फिरते आणि गाडी वळत नाही. म्हणूनच मागच्या आसेमागचा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपुढे नको, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात.

मग लांब गाडी वाईट काय? नाही. डांबरी रस्त्यावर ती कमी हिंदकळते आणि माल दोन आसांच्या मध्ये बसतो. कापूस आणि कडबा जागेने भरतात, वजनाने नाही. त्यांना लांबी उपयोगी. ज्वारीच्या पोत्यांचे उलटे आहे. ७५० किलोच्या गाडीत क्विंटलची सात पोती टाकली की वजन संपले, हौदा रिकामा दिसला तरी. ज्याचे वावर सडकेला लागून आहे आणि जिनिंग लांब आहे, त्याने लांब गाडीचा विचार जरूर करावा. ज्याला बांध आणि नाला ओलांडून जायचे आहे त्याने दहा वेळा करावा. दोन चाकांमधले अंतर जास्त असले की बांधावर पोट टेकते.

तर करायचे काय? गाडी पाहायला जाण्याआधी टेप आणि दोरी घेऊन आपल्या वाटेवरच्या सर्वांत अडचणीच्या वळणावर जा. व्हीलबेसच्या दुप्पट दोरी खुंटीला बांधा आणि राखेने रिंगण काढा. बसते का पाहा. खळ्यात गाडी परत फिरते का, तेही असेच पाहा. फिरत नसेल तर सडकेपर्यंत माल डोक्यावर न्यायची मजुरी हप्त्यात धरा. कंपनीच्या कागदावर वळणाचा आकडा असतो, तो त्रिज्येचा की पूर्ण रिंगणाचा हे विचारून घ्या. एक त्रिज्या सांगते, दुसरी रिंगण, आणि आपण ५ आणि १० ची तुलना करत बसतो. शेवटी, भरलेली गाडी आपल्याच वळणावर चालवून दाखवा म्हणावे. लाखोंचे कर्ज काढणाऱ्याला एवढे मागायचा हक्क आहे.

आणि वळण अतिक्रमणाने अडले असेल तर त्याची किंमत आखूड गाडी घेऊन आपणच का मोजायची? वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातल्या सर्वांत अरुंद वळणाचे माप कागदावर लिहून आणावे. ती मापे एकत्र केली की गाडी कोणती घ्यायची आणि रस्ता कुठला मोकळा करून घ्यायचा, दोन्ही ठरवू. एवढे सांगून थांबतो.