मुक्काम, धर्मशाळा आणि आपली खानावळ

आज बोलूया मुक्कामाविषयी. परगावी रात्र पडली तर माणूस कुठं राहायचा, आणि त्याला भाकरी कोण थापून द्यायचं?

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं पंढरपूर घ्या. लॉज नव्हते तेव्हाही आषाढी-कार्तिकीला माणूस लोटायचा. कुणी बडव्यांच्या वाड्यात उतरायचं, कुणी फडाच्या मठात, कुणी चंद्रभागेच्या वाळवंटात राहुटी टाकायचं. अहिल्यादेवी होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात कारभार केला आणि देशभर तीर्थांच्या ठिकाणी धर्मशाळा, घाट, विहिरी बांधल्या. पंढरपुरात होळकर वाडा आजही उभा आहे.

पण सगळीच दारं सगळ्यांना उघडी नव्हती. दलित वारकरी मैलोन्‌मैल चालत यायचा, आणि त्याला धर्मशाळेत जागा मिळायची नाही. म्हणून गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. विठ्ठलाच्या मंदिराचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं.

आता चुलीकडे वळूया. साताऱ्याची, कोकणातली माणसं मुंबईला गिरणीत गेली, बायकापोरं गावी राहिली. त्यांना जेवू कोणी घातलं? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी. एका खोलीत स्वयंपाक, किराणा उधारीवर, वर सावकाराचं व्याज. दिवसभर राबून हातात काही उरायचं नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बाया एकमेकींना जामीन राहिल्या. आपला बचत गट वेगळं काय करतो?

गटाच्या बैठकीत खानावळीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अगं, पाहुण्याला जेवू घालून पैसे कसे घ्यायचे?" बरोबर आहे. दिंडी दारात आली की पिठलं-भाकरी वाढायचीच, ते पुण्य आहे. पण वर्षभर रस्त्यावरून ट्रकवाले, विक्रेते, सहली जातात. त्यांना रांधून घालणं हे काम आहे, आणि कामाला मोल असतं. ही दोन खाती वेगळी ठेवा.

सुरुवात लहान करा. तेल, गॅस, पीठ यांच्यासोबत आपली मजुरीही वहीत लिहा, मगच ताटाचा दर ठरवा. अन्न विकायचं तर अन्न सुरक्षा नोंदणी, म्हणजे एफएसएसएआय, काढून घ्या. खोली द्यायची असेल तर ग्रामपंचायतीत विचारा, आणि उतरणाऱ्याचं नाव-गाव, ओळखपत्र नोंदवून ठेवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आपल्या खानावळीत कुणाची जात विचारायची नाही, ताट-तांब्या वेगळा ठेवायचा नाही. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही घेऊन बसा. राम कृष्ण हरी.